मुलांना होलोकॉस्ट समजावताना चित्रकथा नेमके काय करते

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, पिरनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या गुर्स छावणीत १९४२ साली हॉर्स्ट रोझेन्थाल या तरुण ज्यू कैद्याने एक छोटीशी चित्रकथा काढली. तिचा नायक होता मिकी माऊस. कागदपत्रे नाहीत म्हणून पोलीस मिकीला पकडतात आणि छावणीत आणून सोडतात. अधिकारी त्याला वडिलांचे नाव विचारतो, तेव्हा तो निरागसपणे ‘वॉल्ट डिस्ने’ असे सांगतो. शेवटी तिथली हवा काही मानवत नाही असे पाहून मिकी विचार करतो की आपण तर नुसते चित्र आहोत. मग तो स्वतःलाच पुसून टाकतो आणि अमेरिकेला निघून जातो. रोझेन्थालला अशी सोय नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याला पोलंडमधल्या ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीत पाठवण्यात आले आणि तेथे त्याला ठार मारले. पुस्तिका मात्र टिकली आणि आज ती होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, पॅरिसमधील स्मारकाच्या संग्रहात आहे.

इतक्या भीषण विषयाला कॉमिकसारखे माध्यम शोभते का, ही शंका शिक्षकांनाही येते आणि पालकांनाही. चित्रकथा म्हटली की आपल्याला अमर चित्रकथा, फँटम किंवा टिनटिन आठवतात, म्हणजे सुट्टीत लोळत वाचायची गोष्ट. त्यामुळे छळछावणीचे वर्णन संवादाच्या फुग्यांत वाचणे अनेकांना विषयाचा अवमान वाटतो. रोझेन्थालची पुस्तिका पाहिल्यावर मात्र जाणवते की ही शंका बाहेरच्या लोकांची आहे आणि ती नंतरची आहे. जे आत होते त्यांनी तेव्हाच पेन्सिल हाती घेतली होती. चेक प्रदेशातल्या टेरेझीनच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेत असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झला नेऊन मारण्यात आले, पण मुलांची सुमारे ४,५०० चित्रे दोन सुटकेसमध्ये मागे राहिली आणि ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ऑशविट्झ-बिर्केनाऊमध्येही कोणा अज्ञात कैद्याने काढलेली २२ पानांची चित्रवही १९४७ साली एका बाटलीत लपवलेली सापडली. तिच्यावर ‘एमएम’ एवढीच सही आहे.

ज्यांना हा इतिहास नीट ठाऊक नाही त्यांच्यासाठी त्याची रूपरेषा सांगायला हवी. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी पक्ष सत्तेवर आला आणि त्याने ज्यू नागरिकांना टप्प्याटप्प्याने समाजातून बाहेर काढले. आधी नोकऱ्या गेल्या, १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी नागरिकत्वाचे हक्क गेले, नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्रीत देशभरची प्रार्थनास्थळे आणि दुकाने फोडण्यात व जाळण्यात आली. युद्ध सुरू झाल्यावर पोलंडमध्ये घेट्टो उभारले गेले, १९४१ च्या उन्हाळ्यापासून सोव्हिएत प्रदेशात सामूहिक गोळीबार सुरू झाले, आणि २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळच्या वान्झे येथे अधिकाऱ्यांनी बैठक घेऊन संपूर्ण युरोपातील ज्यूंच्या संहाराचे प्रशासकीय नियोजन पक्के केले. १९४५ पर्यंत सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले आणि त्यांत सुमारे १५ लाख मुले होती. रोमा लोक आणि अपंग व मनोरुग्ण यांनाही नाझींनी ठरवून मारले.

हे सारे बारा-तेरा वर्षांच्या मुलासमोर कसे मांडायचे, ही खरी अडचण. ६० लाख हा आकडा मुलाला समजत नाही. खरे सांगायचे तर तो मोठ्यांनाही समजत नाही. छायाचित्रे दाखवावीत, तर त्यांची अडचण वेगळीच आहे. होलोकॉस्टची जी छायाचित्रे आपण वारंवार पाहतो, त्यांतली बरीचशी मारेकऱ्यांनी काढलेली आहेत. वॉर्सा घेट्टोतला हात वर करून उभा असलेला तो टोपीवाला मुलगा नाझींच्या एसएस या सशस्त्र दलाचा अधिकारी स्ट्रूप याने आपल्या वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालातला आहे. म्हणजे त्या मुलाकडे आपण बंदूक रोखणाऱ्यांच्या बाजूने पाहतो. उरलेली परिचित छायाचित्रे १९४५ मध्ये दोस्त सैन्याने छावण्या मुक्त केल्या तेव्हाची, त्यांत प्रेतांचे ढीग आहेत आणि त्या प्रेतांना नावे नाहीत. एवढेच पाहून मोठे झालेल्या मुलाच्या मनात ज्यू माणूस म्हणजे भेदरलेला किंवा मेलेला माणूस, अशीच प्रतिमा घर करते. १९३२ साली फ्रँकफर्टमध्ये किंवा पोलंडमधल्या सोस्नोव्हिएत्समध्ये तीच माणसे कापडाचा व्यापार करत होती, प्रेमात पडत होती, सासऱ्यांशी भांडत होती, हे त्या छायाचित्रांत कुठेच दिसत नाही. चित्रकाराला मात्र त्या स्वयंपाकघरात जाता येते. कॅमेरा जिथे नव्हता तिथे, आणि बळी पडणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर, त्याला बसता येते.

चित्रकथेचे दुसरे सामर्थ्य तिच्या रचनेत आहे. पानावर चौकटी असतात आणि दोन चौकटींच्या मध्ये एक रिकामी पांढरी पट्टी असते. एका चौकटीत दारावर थाप पडते, पुढच्या चौकटीत जेवणाचे ताट तसेच आहे आणि खोली रिकामी आहे. मधे काय घडले ते कोणीही काढलेले नाही. वाचणारे मूल ते स्वतःच्या मनात घडवते, आणि जेवढे पेलवेल तेवढेच घडवते. दहा वर्षांच्या मुलाच्या मनातली ती पट्टी आणि सोळा वर्षांच्या मुलीच्या मनातली पट्टी सारखी नसते. शिवाय वेग वाचकाच्या हातात असतो. चित्रपट पुढे धावतो, त्यात नकोसे दृश्य येऊन आदळते. पुस्तकाचे पान मूल उलटते, थांबते, परत मागे जाते, नको वाटले तर मिटून ठेवते. चित्रांमुळे विषय सोपा होतो असे अनेकदा म्हटले जाते आणि मला ते फारसे पटत नाही. चित्रकथेमुळे आपण किती जवळून पाहायचे, हे ठरवण्याची मुभा मिळते. या विषयात ती मुभा फार मोलाची आहे, आणि तिचा दुरुपयोगही होऊ शकतो.

याचे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे आर्ट स्पीगलमन यांचे ‘माऊस’. त्याचा पहिला खंड १९८६ मध्ये आणि दुसरा १९९१ मध्ये आला, आणि १९९२ मध्ये त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कमध्ये राहणारा मुलगा आपल्या वृद्ध वडिलांकडून, म्हणजे व्लादेककडून, पोलंडमधल्या आणि ऑशविट्झमधल्या आठवणी काढून घेतो आणि त्या चितारतो, अशी ती दुपेडी कथा आहे. तिच्यात ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरे, पोलिश लोक डुकरे आणि अमेरिकन कुत्रे. पुस्तक बाजारात आल्यावर एका वृत्तपत्राने खपाच्या यादीत ते कल्पित साहित्यात घातले, तेव्हा स्पीगलमन यांनी पत्र पाठवून ते सत्यकथनाच्या यादीत हलवायला लावले. पात्रांना उंदरांचे चेहरे असले तरी पुस्तकातल्या तपशिलांना साक्षीचा आधार आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

वर्गात ‘माऊस’ वाचायचे तर पहिली काळजी या प्राण्यांचीच घ्यावी लागते. मांजराने उंदीर खाणे हा निसर्ग आहे, त्यात गुन्हा कसला? मुलाने रूपक शब्दशः घेतले तर होलोकॉस्ट हा एका वंशाने दुसऱ्या वंशाशी केलेला स्वाभाविक व्यवहार ठरतो, आणि नाझींचे म्हणणे तेच होते. त्यांच्या प्रचारपटात ज्यूंची तुलना उंदरांच्या झुंडीशी केलेली होती. स्पीगलमन यांना हे पुरते ठाऊक आहे, म्हणून ते स्वतःच रूपक जागोजागी उसवतात. ज्यू पात्राला पोलिश असल्याचे सोंग आणायचे असते तेव्हा ते डुकराचा मुखवटा बांधते आणि मुखवट्याची दोरी आपल्याला स्पष्ट दिसते. दुसऱ्या खंडात तर लेखक स्वतःच माणसाच्या चेहऱ्यावर उंदराचा मुखवटा लावून चित्राच्या टेबलाशी बसलेला आहे आणि टेबलाखाली उंदरांच्या प्रेतांचा खच आहे. ‘ही दोरी का दाखवली असेल?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी तास पुरत नाही. पोलिश लोकांना डुकरे दाखवल्याबद्दल पोलंडमध्ये निषेधही झाला, आणि तो निषेध समजून घेणे हादेखील अभ्यासाचाच भाग आहे.

एक पान जरा जवळून पाहू. ऑशविट्झच्या फाटकाशी कैद्यांचा वाद्यवृंद वाजत असे, हे कागदोपत्री सिद्ध आहे. मुलगा वडिलांना त्याविषयी विचारतो. वडील म्हणतात की वाद्यवृंद वगैरे मला आठवत नाही, आम्ही फक्त चालत होतो. चित्रकार काय करतो? एका चौकटीत वाद्यवृंद काढतो. पुढच्या चौकटीत रांगेने चालणारे कैदी त्याच्या समोर येतात आणि मागे केवळ वाद्यांची टोके डोकावत राहतात. पुरावा आणि आठवण यांच्यात मेळ बसत नाही तेव्हा इतिहासकार काय करतो, हे इतक्या थोडक्यात शिकवणारे पान मी पाठ्यपुस्तकात पाहिलेले नाही. दुसऱ्या एका ठिकाणी व्लादेक आणि त्याची बायको आन्या लपण्याची जागा सोडून बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या समोरची वाट नाझींच्या चिन्हाच्या आकाराची आहे. कुठेही वळा, ते चिन्ह सुटत नाही. आपल्या मुलांना दारावरचे, पूजेतले स्वस्तिक परिचयाचे असते, त्यामुळे इथे ती हमखास अडखळतात. नाझी पक्षाने हे चिन्ह १९२० मध्ये आपल्या झेंड्यावर घेतले आणि आपल्याकडे ते त्याच्या कितीतरी आधीपासून मंगलचिन्ह आहे, हे तेव्हाच सांगून मोकळे व्हावे.

‘माऊस’ कोणत्या वयाला द्यावे? जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या मॅकमिन काउंटीच्या शालेय मंडळाने १० विरुद्ध ० मतांनी ते आठवीच्या अभ्यासक्रमातून काढले. काही शिव्या आणि नग्नतेचे एक छोटे चित्र ही कारणे पुढे करण्यात आली. ते चित्र लेखकाच्या आईच्या आत्महत्येच्या प्रसंगातले आहे. बातमी पसरली आणि पुस्तकाचा खप एकाएकी वाढला, हा त्यातला विनोद. मंडळाची कारणे मला क्षुल्लक वाटतात, पण वयाचा प्रश्न क्षुल्लक नाही. या पुस्तकात आत्महत्या आहे, स्वतःच्या भाच्याला छावणीत जाऊ द्यायचे नाही म्हणून विष देणारी मावशी आहे. तेरा-चौदा वर्षांच्या आत ते एकट्याने वाचायला देऊ नये आणि त्यानंतरही सोबत कोणी मोठे माणूस असावे, असे माझे मत आहे.

लहान मुलांसाठी वाट निराळी आहे. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाच्या मते हा इतिहास साधारण सहावीपासून शिकवावा. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेची पद्धत पायरीपायरीने चढते: लहान वयात एका मुलाची बचावल्याची गोष्ट, मग कुटुंबाची, आणि किशोरवयात समाजाची. मुलाला या विषयात सुखरूप न्यावे आणि सुखरूप बाहेर आणावे, हे तिथल्या शिक्षकांचे सूत्र. त्या पहिल्या पायरीला शोभणारी एक फ्रेंच चित्रकथा २०१२ मध्ये आली. पॅरिसमधली आजी रात्री नातीला आपल्या लहानपणीची गोष्ट सांगते. चित्रांतली माणसे मोठ्या डोक्यांची, बाहुल्यांसारखी आहेत. कपड्यांवर पिवळा तारा लावणे सक्तीचे होते तेव्हा बाबा लेकीला सांगतात की आपल्याला आता शेरीफचे कुटुंब व्हायचे आहे. पोरगी खूश होऊन तारा मिरवत शाळेत जाते, आणि तिथे तिला मागच्या बाकावर बसवले जाते. सात-आठ वर्षांच्या मुलाला वांशिक कायदा समजणार नाही. बाकाची जागा बदलल्याचा अपमान मात्र त्याला पुरेपूर कळतो. या गोष्टीत छावणी जवळजवळ दिसतच नाही, ती पांढऱ्या पट्टीत राहते.

मधल्या वयासाठी ॲम्स्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाऊस या संग्रहालयाने केलेले काम उल्लेखनीय आहे. तिथे एरिक हॉयवेल या चित्रकाराने काढलेल्या दोन चित्रकथा २००३ आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि दुसरी जर्मनीतल्या शाळांमध्ये धडे म्हणून वापरली गेली. चित्रांची शैली टिनटिनसारखी, स्वच्छ रेषेची. पात्रे काल्पनिक आहेत, पण घटना आणि दृश्ये खऱ्या कागदपत्रांवर आणि छायाचित्रांवर बेतलेली आहेत. पहिल्या पुस्तकात एक मुलगा आजीच्या माळ्यावर जुन्या वस्तू शोधायला चढतो आणि त्याला कळते की आजीचे वडील जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये पोलीस होते. आजीचा एक भाऊ जर्मनांच्या बाजूने लढायला गेला, दुसरा प्रतिकार चळवळीत. ज्यू मैत्रिणीला पकडायला आलेला माणूस आपल्याच घरात जेवायला बसत होता, हे कळणे मुलांना फार टोचते. नेदरलँड्समध्ये सुमारे १,४०,००० ज्यू होते आणि त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश मारले गेले. नोंदणी करणारे कारकून, आगगाडी चालवणारे आणि दार ठोठावणारे पोलीस नसते तर ते शक्य नव्हते. राक्षस शोधण्याची मुलांची सवय इथे मोडते.

आता चित्रकथा काय दाखवत नाही, त्याकडे वळायला हवे, कारण शिक्षकाचे खरे काम तिथे आहे. बहुतेक चित्रकथा बचावलेल्यांच्या आठवणींवर आधारलेल्या असतात, आणि बचावलेला माणूस हा या इतिहासातला अपवाद आहे. एकामागून एक सुटकेच्या कथा वाचणाऱ्या मुलाचा समज होतो की चतुराई आणि चांगले शेजारी असले की माणूस वाचत असे. ॲम्स्टरडॅममध्ये लपून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकला दोन्ही लाभले होते. कुटुंब जुलै १९४२ मध्ये लपले, डायरीतली शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आहे, ४ ऑगस्टला अटक झाली आणि १९४५ च्या आरंभी बेर्गेन-बेल्सन छावणीत ती मेली. लपलेल्या आठांपैकी एकटे वडील परतले. डायरी जिथे थांबते त्यानंतरचे सहा-सात महिने तिच्या पानांत नाहीत. ते कोणीतरी सांगावेच लागतात.

दुसरी उणीव भूगोलाची. लपण्याची खोली, आगगाडी आणि ऑशविट्झ हा क्रम चित्रकथांत इतका रुळला आहे की पूर्वेकडची कथा झाकली जाते. कीव्हजवळच्या बाबी यार घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. तिथे ना आगगाडी होती ना छावणी. माणसे आपापल्या घरून पायी चालत आली होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संग्रहात तीन चित्रकारांनी हयात असलेल्या चार साक्षीदारांसोबत बसून त्यांचे बालपण चितारले, आणि त्यांपैकी एक कथा तेव्हा रोमानियाच्या अधिपत्याखाली असलेल्या ट्रान्सनिस्ट्रिया या प्रदेशाची आहे. असे काम वाढायला हवे.

वर्गात चित्रकथा वाचताना काही गोष्टी टाळाव्यात. निम्म्या मुलांना ज्यू आणि निम्म्यांना पहारेकरी करून प्रसंग वठवून घेणे हा उत्साही शिक्षकांना हमखास सुचणारा उपक्रम आहे; वॉशिंग्टनचे संग्रहालय त्याविरुद्ध स्पष्ट इशारा देते, कारण त्यातून भोगलेल्या यातनांचा खेळ होतो आणि मुलांना त्या कळल्याचा खोटा भास होतो. ‘तू असतास तर काय केले असतेस?’ हा प्रश्नही तितकाच फसवा आहे; घरात सुरक्षित बसलेले मूल त्याला शूर उत्तर देते आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी या चौकटीत कोण दिसत नाही, हे चित्रकाराला कशावरून कळले असेल, याला पुरावा कोणता, असे विचारावे. शक्य असेल तेव्हा चित्राशेजारी मूळ कागद ठेवावा: ओळखपत्र, हुकूमनामा, पत्र.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आड येते. हिटलरचे आत्मचरित्र मराठीत भाषांतरित झालेले आहे आणि पुस्तकांच्या दुकानांत ते सहज मिळते. कडक शिस्तीचा, देश उभा करणारा नेता अशी त्याची एक प्रतिमा अनेक घरांत रूढ आहे. सीबीएसईच्या नववीच्या इतिहासात नाझीवादावर स्वतंत्र प्रकरण अनेक वर्षे शिकवले गेले, तरी परीक्षेपुरते पाठ केलेले प्रकरण ही प्रतिमा हलवू शकत नाही. एखादा विद्यार्थी वर्गात ‘पण त्याने रस्ते तर बांधले ना?’ असे म्हणाला तर त्याला रागावण्यात अर्थ नाही. मागच्या बाकावर बसवलेल्या त्या मुलीचे पान उघडावे आणि तो नियम कोणी केला, कोणत्या कार्यालयात टाइप झाला, शाळेत कोणी अमलात आणला, हे त्याच्याकडूनच शोधून घ्यावे.

स्थानिक दुवा शोधण्याच्या हौसेत मात्र घोटाळा होऊ नये. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले होते, आणि त्यांचा उल्लेख कधीकधी होलोकॉस्टमधून सुटलेले लोक असा केला जातो. ते बहुतांशी कॅथलिक होते आणि १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले होते. त्यांची कथा वेगळी आहे आणि ती वेगळीच सांगितली पाहिजे. खरा दुवा मुंबईत सापडतो. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून पळालेल्या ज्यूंना मदत करणारी ज्यूइश रिलीफ असोसिएशन तिथे १९३४ मध्ये स्थापन झाली होती, आणि त्या निर्वासितांपैकी रूडी फॉन लायडेन, एमान्युएल श्लेझिंगर यांनी पुढे हुसेन, रझा, आरा या तरुण चित्रकारांना पहिला आधार दिला. यावर मुलांनी स्वतः चित्रकथा काढायला घेतली, तर जुनी वर्तमानपत्रे आणि अभिलेखागारातले कागद चाळण्यापासून सुरुवात करावी लागेल.